डबा कुणाचा, रंग कुणाचा?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून एडिंबराकडे जाणाऱ्या गाड्यांनी १९९६ ते २०१८ या बावीस वर्षांत पाच नावे धारण केली. रूळ तेच, स्थानके तीच, बहुतेक काळ डबेही तेच. बदलत गेला तो फक्त ठेकेदार.

ब्रिटिश रेल्वेच्या खासगीकरणात रूळ एकाकडे गेले, डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे गेले आणि गाड्या चालवण्याचा ठराविक मुदतीचा ठेका तिसऱ्याला मिळाला. या तिसऱ्याच्या मालकीचे म्हणावे असे फार थोडे उरले: नाव, रंग आणि गणवेश. म्हणूनच तो त्यांवर एवढा जीव टाकत असे.

पहिला ठेकेदार जीएनईआर. सी कंटेनर्स या कंपनीने गडद निळ्या डब्यांवर लाल पट्टी ओढली, सोनेरी अक्षरे आणि राजचिन्हासारखे मानचिन्ह लावले, आणि ‘फ्लाइंग स्कॉट्समनचा मार्ग’ अशी ओळही लिहिली. कंपनी नवी होती, पण थाट शंभर वर्षांच्या घराण्याचा होता. प्रवाशांना तो आवडला, कारण त्या थाटाचा आधार मार्गाच्या खऱ्या इतिहासात होता. २००५ साली याच कंपनीने दहा वर्षांत सरकारला १.३ अब्ज पौंड देण्याचे कबूल करून ठेका पुन्हा मिळवला. पुढच्याच वर्षी मूळ कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. सोनेरी अक्षरांवरून हिशेब कळत नाही, तो असा.

डिसेंबर २००७ मध्ये नॅशनल एक्सप्रेस आली, तिने १.४ अब्ज कबूल केले होते. बहुतेक डब्यांचा गडद निळा रंग तसाच राहिला, लाल पट्टीच्या जागी पांढरी पट्टी आली आणि तिच्यावर नवे नाव. भाड्याच्या दुकानावर पाटी बदलावी, तसे. नोव्हेंबर २००९ मध्ये तीही गेली. मग सरकारी कंपनीने ‘ईस्ट कोस्ट’ या सरळ नावाने पाचेक वर्षे गाड्या चालवल्या आणि तिजोरीत सुमारे एक अब्ज पौंड भरले. करड्या-चंदेरी डब्यांवरची जांभळी पट्टी आज कुणाच्या फारशी लक्षात नाही.

या साखळीतला सर्वांत बोलका दाखला २०१५ चा. ‘व्हर्जिन ट्रेन्स ईस्ट कोस्ट’ या नावाने गाड्या लाल झाल्या, जाहिरातींत व्हर्जिन, तिकिटांवर व्हर्जिन. पण या कंपनीत व्हर्जिनचा वाटा १० टक्के आणि स्टेजकोच या बस कंपनीचा ९० टक्के होता. आठ वर्षांत ३.३ अब्ज पौंड देण्याचा करार २०१८ च्या जूनमध्येच आटोपला. ज्याचे नाव डब्यावर होते, त्याच्या खिशाला सर्वांत कमी झळ बसली. प्रवाशाने जाब विचारायचा तो कुणाला?

ठेकेदाराचे नाव ठळक असले की जबाबदारीही ठळक होते, असा युक्तिवाद केला जातो. वरचा दाखला नेमका उलट सांगतो. प्रत्येक नव्या रंगाने आधीचा फसलेला करार झाकला आणि लोकांना वाटले, नवी सुरुवात झाली. आकडे मात्र दर वेळी चढतच गेले.

शेजारच्या स्कॉटलंडने वेगळा मार्ग धरला. २००८ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने ठरवले, की स्कॉटरेलच्या गाड्या गडद निळ्या, टोकाला स्कॉटिश ध्वजावरचा पांढरा तिरपा क्रॉस. ठेकेदार बदलला तरी हा रंग कायम. २०१५ मध्ये फर्स्ट जाऊन अबेलियो आली, २०२२ मध्ये कारभार सरकारी कंपनीकडे गेला. रंग तोच राहिला. ठेकेदार अशा रंगाआड लपतो, हा आक्षेप खरा आहे. पण निदान तो दुसऱ्याच्या नावाआड लपत नाही, आणि दर काही वर्षांनी रंगकामाचा खर्च निघत नाही.

आणि पूर्व किनाऱ्यावर? २०१८ मध्ये पुन्हा सरकारी कंपनी आली आणि तिने नाव घेतले एलएनईआर: १९२३ ते १९४७ या काळात हाच मार्ग चालवणाऱ्या, १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलर्ड’ इंजिनाच्या कंपनीचे. जपानी हिताचीच्या नव्या गाड्यांना ‘अझुमा’, म्हणजे ‘पूर्व’, हे नाव व्हर्जिनच्या काळात २०१६ मध्ये जाहीर झाले होते. २०१९ मध्ये त्या धावल्या त्या एलएनईआरच्या नावाने, पण लाल-पांढऱ्या रंगात. नाव आजोबांचे, रंग आधीच्या भाडेकरूचा!

तरी ही सरमिसळ मला मागच्या साऱ्या पाट्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. तिच्यातले टिकलेले सारे मार्गाचे आहे. १९६५ चे दुहेरी बाणाचे चिन्हही असेच खासगीकरणानंतर स्थानकांच्या पाट्यांवर टिकले, कारण ते कुठल्याच ठेकेदाराचे नव्हते. नाव आणि रंग मार्गाच्या, म्हणजे जनतेच्या, मालकीचे असावेत. ठेकेदाराचे नाव करारात आणि तक्रारीच्या पत्त्यावर असावे. तिथे मात्र ते मोठ्या अक्षरांत हवे.