धावणे आणि धावपळ

धावण्यावर लिहिल्या गेलेल्या साहित्याचा विचार करण्याचे निमित्त मला घरच्या दारातच मिळाले. माझी मुलगी बेळगावातच दिली आहे. तिचे बाळ दीड वर्षाचे. लग्नापूर्वी ती टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नेमाने धावायला जात असे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पहाटे साडेपाचला ती बाळाला घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तासभर ह्याला बघा. मी धावून येते." माझ्या तोंडून पटकन गेले, "अगं, पोर एवढं लहान, आताच कशाला ते धावणं? मोठा होऊ दे की जरा." ती काही बोलली नाही. बाळ माझ्या हाती देऊन निघून गेली. स्वयंपाकघरातून मात्र हिचा आवाज आला, "तुम्ही धावत होता तेव्हा ही केवढी होती हो?"

सात महिन्यांची होती. साल १९९७. मी तेव्हा सहशिक्षक होतो, दोन खोल्यांत बिऱ्हाड होते आणि नळाला पाणी दिवसाआड, तेही पहाटे येई. मी पाच वाजता बूट घालून बाहेर पडे आणि सव्वासहाला घामाघूम होऊन परत येई. तोवर हिने एका कडेवर पोर घेऊन हंडे-घागरी भरलेल्या असत आणि दूध तापवून माझा डबाही चुलीवर चढवलेला असे. एकदा ही म्हणाली होती, "तुमचं धावणं झालं की हो, आता माझी धावपळ." मी हसलो होतो. ती थट्टा नव्हती हे कळायला मला अठ्ठावीस वर्षे लागली. मधल्या काळात दहावीच्या कितीतरी निरोपसमारंभांत मी स्वतःच्या पहाटे उठण्याचा दाखला शिस्त म्हणून देत आलो. ही कॉलेजात असताना खो-खोच्या संघात होती, याचा दाखला कधी दिल्याचे आठवत नाही.

या प्रश्नाने मला पुस्तकांच्या कपाटाकडे नेले. धावणाऱ्यांविषयीची जी पुस्तके आणि जे चित्रपट मी आवडीने वाचले-पाहिले, त्यांना एकच प्रश्न विचारून पाहावा असे ठरवले. हा माणूस धावायला बाहेर पडला तेव्हा त्याचे मूल कोणापाशी होते?

आजच्या शिकलेल्या तरुणांत या विषयावरचे सर्वांत वाचले जाणारे पुस्तक जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचे आहे. ते जपानीत २००७ साली आणि इंग्रजीत २००८ साली आले. तोकियोत जॅझ संगीताचे मद्यगृह चालवणारा हा माणूस लेखनासाठी तो धंदा बंद करतो, १९८२ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी धावू लागतो आणि रोज दहा किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस असा नेम धरतो. पुस्तक प्रामाणिक आहे. वय वाढते तसा वेग घटतो, हे लेखक कुठेही लपवत नाही; फुशारकीचे एक वाक्य नाही. रात्री लवकर झोपावे, पहाटे उठावे, माणसांत मिसळणे कमी करावे आणि लेखन व धावणे यांना पहिला मान द्यावा, असा त्या आयुष्याचा आराखडा आहे. मुराकामी दांपत्याला मूल नाही, त्यामुळे तो आराखडा त्यांच्या घराला चपखल बसतो. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. दोष आपण वाचकांचा आहे. ज्या घरात रात्री दोनदा दूध पाजावे लागते, त्या घरात रात्री दहाला झोपून पाचच्या आत उठण्याचे वेळापत्रक आपण आदर्श म्हणून भिंतीला लावतो आणि ते पाळता आले नाही की स्वतःला आळशी ठरवतो.

थोडा हिशेब मांडू. आठवड्याला साठ किलोमीटर, सर्वसाधारण माणसाच्या गतीने सहा ते सात तास. त्यात अंग मोकळे करणे, आंघोळ आणि दुपारची डुलकी मिळवली की दहा तासांवर गेले. मॅरेथॉनची तयारी असेल तर रविवारी पंचवीस-तीस किलोमीटरची एक लांब धाव लागते. म्हणजे सुट्टीच्या दिवशीची अख्खी सकाळ गेली. हे दहा-बारा तास कुठून येतात? ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसातून येतात. या उधारीची नोंद मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

ॲलन सिलिटो यांची १९५९ सालची प्रसिद्ध दीर्घकथा घ्या. लांब पल्ल्याच्या धावपटूचे एकटेपण हा तिचा विषय आणि शीर्षकही तेच. तिचा नायक सुधारगृहातला पोरगा आहे. पहाटे धावताना तो जगाचा हिशेब मांडतो आणि शर्यत हातात आलेली असताना अधिकाऱ्यांच्या नाकावर टिच्चून रेषेअलीकडे थांबतो. कथा अजोड आहे. पण ते एकटेपण कैद्याचे आहे. संसारी माणसाला तेवढे निर्भेळ एकटेपण मिळते कुठे?

रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. ते वैद्यकाचे शिक्षण घेत होते आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सराव करीत. थोड्या वेळात नेमका सराव करूनही केवढे साधते, हे त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे. मात्र ते तेव्हा अविवाहित होते. १९५४ संपता संपता त्यांनी स्पर्धा सोडली आणि लग्न केले ते १९५५ साली. एमिल झातोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली. घरचे कपडे न्हाणीच्या टबात टाकून ते त्यांवर जागच्या जागी धावत, असे सांगतात. खरे-खोटे कसेही असो, घरकाम आणि सराव एकत्र आलेली ही एकच दंतकथा माझ्या वाचनात आहे. पण त्यांना आणि भालाफेकपटू डाना यांनाही मूल नव्हते. मुराकामी, सिलिटोचा पोरगा, बॅनिस्टर आणि झातोपेक या चौघांच्या धावण्यात मिळून एकही पाळणा नाही.

आपल्याकडचे चित्रपट याला अपवाद नाहीत. 'भाग मिल्खा भाग' (२०१३) १९६० च्या लाहोरच्या शर्यतीपाशी थांबतो; संसार त्यापुढचा, म्हणून तो पडद्याबाहेर राहतो. 'पान सिंग तोमर' (२०१२) मध्ये बायकामुले आहेत, पण गावाकडे, नायक फौजेत. हे चित्र आपल्या सीमाभागाला परके नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, पहाटे धावणाऱ्या जवानांच्या तुकड्या पाहत आपण लहानाचे मोठे झालो. त्या प्रत्येक पावलामागे गावाकडे पोरे सांभाळणारे एक घर असते. तुकडीचा जयघोष रस्त्यापर्यंत येतो, त्या घराचा आवाज येत नाही.

आता बायकांकडे वळतो. खरी परीक्षा तिथेच आहे. हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. वय तीस, दोन मुलांची आई. पती यान हेच प्रशिक्षक असल्याने त्यांच्या घरात सराव आणि संसार यांचे वेळापत्रक एकच होते. तरीही, मुले टाकून ही बाई आखूड चड्डी घालून धावते म्हणून खरमरीत पत्रे आली. लंडनमध्ये स्पर्धा चालू असतानाच घरच्या ओढीने त्या रडू लागल्या, माघार घेऊ म्हणाल्या. पतीने समजूत घातली आणि त्या पुन्हा धावल्या. वृत्तपत्रांनी त्यांना 'उडती गृहिणी' ही पदवी दिली. पदवी प्रेमाची असेल, पण बॅनिस्टरला कोणी 'उडता ब्रह्मचारी' म्हटले नाही! मिरवणूक काढून घरी आणल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना सायकल भेट दिली, आता एवढे धावायला नको म्हणून. या थट्टेत सदिच्छा होती. माझ्या 'मोठा होऊ दे की जरा' मध्येही सदिच्छाच होती.

आपल्या परंपरेत बाळ असलेली एक शौर्यकथा आहे, ती हिरकणीची. गडाचे दरवाजे मिटले म्हणून रायगडाचा कडा अंधारात उतरून तान्ह्याकडे जाणारी गवळण. ही आख्यायिका आपण शाळेत शिकवतो, तिच्यावर २०१९ साली चित्रपट आला, आणि महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर स्तनपानाच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' असे नाव आहे. हिच्या जोडीला बारामतीच्या लता करे. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई २०१४ साली नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली. त्यावर निघालेल्या 'लता भगवान करे' (२०२०) या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. दोन्ही कथा डोळ्यांत पाणी आणतात आणि दोन्हींची थोरवी निर्विवाद आहे. पण शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या मनाची एक अट उघडी पडते. बाई बाळाकडे धावली, नवऱ्यासाठी धावली, तर तिचा बुरूज होतो. तीच बाई तासभर स्वतःसाठी धावून बाळाकडे परत येते म्हणाली, की आपण घड्याळ पाहतो. पाय तेच, कडाही तोच. फक्त कोणासाठी एवढाच फरक. पुरुषाला हा प्रश्न आपण विचारतच नाही.

इंग्लंडच्या जॅस्मिन पॅरिस या पशुवैद्य. जानेवारी २०१९ मध्ये २६८ मैलांची, हिवाळ्यात होणारी स्पाइन शर्यत त्यांनी ८३ तास १२ मिनिटांत पुरी केली. स्त्री-पुरुष सर्वांत पहिल्या आल्या आणि आधीचा विक्रम सुमारे बारा तासांनी मोडला. मुलगी चौदा महिन्यांची होती. वाटेतल्या थांब्यांवर त्या दूध काढून ठेवीत होत्या. जगाने विक्रमाचे आकडे छापले. मला त्या दुधाची नोंद अधिक मोलाची वाटते, कारण धावण्याच्या वाङ्मयात जी ओळ कायम गाळलेली होती ती तिथे आकड्यांच्या बरोबरीने छापली गेली. त्यासाठी हिरकणीच व्हावे लागते असे मात्र नाही. सर्वसामान्य आईबापांना विक्रम नको असतो, आठवड्यातून तीन मोकळे तास हवे असतात.

भाषेनेही हे जाणले आहे. मराठीत 'धावणे' मैदानावर होते आणि 'धावपळ' घरात. शेजारच्या कन्नडात 'ओट' म्हणजे धाव आणि 'ओडाट' म्हणजे दिवसभराची ये-जा. दोन्ही भाषांनी एकाच धातूतून दोन शब्द काढले. पहिल्याला पदक मिळते, दुसऱ्याला 'दमलीस का गं?' एवढेही कोणी विचारत नाही.

आमच्या घरी आता एक साधी व्यवस्था लागली आहे. रविवारी आणि बुधवारी पहाटे नातू माझ्याकडे; शुक्रवारी जावई त्याला सांभाळतात. जावयांनाही धावायचे असते, ते मंगळवार-शनिवार जातात. नियम दोनच. दिवस आधी ठरलेला असावा, आणि धावून आलेल्याने परत येताच मूल हातात घ्यावे, म्हणजे सांभाळणाऱ्याचा तास त्याला परत मिळतो. मुलाला ताप असेल त्या दिवशी कोणीच जात नाही. लांब पल्ल्याची धाव पंधरवड्यातून एकदा. मुलगी सध्या पाच किलोमीटर छत्तीस मिनिटांत करते. पूर्वी तिला तीस लागत. तिची तक्रार नाही. पहिल्या रविवारी त्या एका तासात मी दोनदा लंगोट बदलला, सांडलेले दूध पुसले, आणि चहाचा कप हातात यायला सात वाजले. १९९७ सालच्या पहाटेचा माझा अभ्यास असा उशिरा सुरू झाला आहे. बुधवारी ही सकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. मी अजून तिला खो-खोबद्दल विचारलेले नाही, विचारायचे आहे.

टीकाकाराने शेवटी एखादी मागणी करावी असा प्रघात आहे, म्हणून करतो. धावण्यावर मराठीत आता मॅरेथॉनचे अनुभव पुष्कळ लिहिले जातात. किलोमीटर, बूट, पदके सारे त्यांत असते. आपल्या भागातल्या एखाद्या जोडप्याने एक पुस्तक दोघांनी मिळून लिहावे. एक प्रकरण धावून आलेल्याचे, पुढचे प्रकरण त्याच तासात घरी राहिलेल्याचे. तेवढ्याच पानांचे. ते पुस्तक निघाले की आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन प्रती मी घेईन, आणि पुढच्या निरोपसमारंभात दाखला त्यातला देईन.