शरदातली निसर्गफेरी आणि न गळालेली पाने

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी ऑक्टोबरात निसर्गफेरी काढावी, हा उपक्रम हल्ली पालकांच्या आवडीचा झाला आहे. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका गटाबरोबर आम्ही नेरूळला खाडीकाठी फिरलो. मुलांच्या हाती छापील तक्ता होता: लाल, पिवळी, तपकिरी गळालेली पाने गोळा करा, रंगांनुसार लावा, ती का गळाली ते लिहा. तासाभरात मिळाली ती चार सुकी पाने. भोवतालची झाडे पावसाने धुतलेली, हिरवीगार. शेवटी एका मुलीने लाल रकाना तेलखडूने रंगवून टाकला, आणि कोणी तिला हटकले नाही. आम्हाला खटकले ते हे.

तक्ता चुकीचा नाही, तो दुसऱ्या प्रदेशातला आहे. युरोप-अमेरिकेच्या थंड भागात दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढला, की पानांतले हरितद्रव्य मोडते. मग आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो, काही झाडांत लाल द्रव्य नव्याने तयार होते. आपल्याकडे पानगळ होते ती मुख्यतः पाणी कमी पडू लागल्यावर. साग, पांगारा, काटेसावर उघडी पडतात ती हिवाळ्यात आणि त्यानंतर. घोटाळ्यात भर घातली आहे भाषांतराने. 'ऑटम'ला आपण शरद म्हणतो, पण आपल्या ऋतुचक्रात पानगळ शिशिराची. शिवाय लाल पान म्हणजे गळणारे पान, हेही इथे सरसकट खरे नाही. देशी बदामाचे पान गळण्याआधी लाल होते. कुसुंबाचे लाल पान मात्र कोवळे असते, पिंपळाचे तांबूसही. यातला फरक मुलांना विचारण्याजोगा होता. तक्त्यात त्याला जागा नव्हती.

मग शरदात पाहायचे काय? पुष्कळ आहे. सातवीण फुलते, वास आधी येतो, झाड मागून सापडते. तिवराच्या पानावर कोरड्या दुपारी भिंगातून मिठाचे कण दिसतात. (चाखून पाहू नये, खाडीचे पाणी स्वच्छ नाही.) ओहोटीला चिखलावर निवट्या, खेकडे आणि उत्तरेकडून आलेले तुतवार. रोहित पक्ष्यांचे आश्वासन मात्र मुलांना ऑक्टोबरात देऊ नये. ते बहुधा पुढे येतात. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे तेव्हा सांगता येईल.

ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे ती शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. घरशाळेला मात्र घंटा नसते. तिचा खरा फायदा हाच, असे आम्हाला वाटते. कोळ्यांचा हिशेबही सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. आमची फेरी होती चतुर्दशीला, सकाळी दहा वाजता. चौदाची पाऊणपट साडेदहा. चिखल सगळा पाण्याखाली. ओहोटी लागली साडेचारच्या सुमारास. तेव्हा मुले घरी बसून तक्ता पुरा करत होती.