झिंक फेराइटचा तांबडा रंग

वडीगोद्रीहून बीडकडे निघाले की शहागडला गोदावरी लागते. तिथल्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की त्याला बारीक काळे कण चिकटतात. दख्खनच्या बेसाल्टातून झिजून आलेले हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचेच फेराइट. ज्या मुलखाच्या वाळूत हे आहे, त्याच मुलखातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून फेराइटवरचे शोधनिबंध वर्षानुवर्षे निघत आले आहेत, याचे मला मनापासून अप्रूप आहे. अशा निबंधांत चुंबकीय गुणांना मान मोठा असतो. प्रकाशशोषणाचा आलेख मात्र दोन ओळींत उरकला जातो. खरे तर सावकाश वाचावा असा तोच आहे.

झिंक फेराइट, म्हणजे जस्ताचे फेराइट, घ्या. कृती साधी, पण देखणी. एक भाग झिंक नायट्रेट, दोन भाग फेरिक नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायचे, अमोनियाचे थेंब सोडत सामू ७ वर आणायचा आणि ८०-९० अंशांवर ढवळत ठेवायचे. पाणी उडते तसा द्रव काकवीसारखा दाटतो. आच वाढवली की हा जेल आपोआप पेट घेतो. नायट्रेट ऑक्सिजन पुरवते, सायट्रिक आम्ल इंधन होते. वायू भसाभस बाहेर पडतात आणि मागे हलकी, फुललेली राख उरते. त्या वायूंमुळेच कणांना एकमेकांना चिकटून मोठे व्हायला सवड मिळत नाही. राख खलात घोटून भट्टीत ६०० अंशांच्या आसपास भाजली की हाती येते विटकरी-तांबडी भुकटी.

हा रंगच मुळात विचार करायला लावतो. नदीतले मॅग्नेटाइट काळे आणि हे तांबडे का? रचना दोन्हींची एकच, स्पिनेल. ऑक्सिजनच्या गर्दीत धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा: भोवती चार ऑक्सिजन असलेली आणि सहा असलेली. मॅग्नेटाइटमध्ये सहाच्या जागांवर दोन आणि तीन भारांचे लोह शेजारी बसते, त्यांच्यात इलेक्ट्रॉनची सतत ये-जा चालते आणि दृश्य प्रकाशाचा जवळजवळ प्रत्येक रंग गिळला जातो. दोन भारांच्या लोहाऐवजी जस्त आणले की ही ये-जा थांबते. जस्ताला स्वतःचा रंग नाही. पण त्याने लोहाला स्वतःचा रंग दाखवू दिला. ही अदलाबदल मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता आलेख. निळा, हिरवा प्रकाश भुकटी शोषते; तरंगलांबी ६०० नॅनोमीटरच्या पुढे गेली की शोषण उतरते आणि तांबडा परत येतो. ऊर्जेच्या भाषेत ही कड सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. ती नेमकी काढायला यान टाउक यांची रीत वापरतात: वक्राचा सरळ भाग शोधायचा, रेघ खाली अक्षापर्यंत न्यायची, जिथे टेकेल ते ऊर्जा-अंतर. टाउक यांनी ही रीत १९६६ मध्ये अस्फटिकी जर्मेनियमसाठी मांडली होती. फेराइटच्या स्फटिकाला ती लावताना संक्रमण थेट मानायचे की अप्रत्यक्ष, यावर उत्तर बदलते. सरळ भाग कोणता धरला यावरही बदलते. म्हणून दशांशाचे दोन-दोन अंक देणाऱ्या निबंधापेक्षा मूळ वक्र पूर्ण छापणारा निबंध मला अधिक विश्वासाचा वाटतो.

अंतर थोडे वाढलेले दिसले की ‘कण लहान म्हणून पुंज-परिणाम’ असे लिहिण्याची रूढी आहे. २० नॅनोमीटरच्या कणाला हे कारण सहसा पुरत नाही. तो परिणाम ठळक व्हायला कण काही मोजक्या नॅनोमीटरांचा लागतो. कारण दुसरीकडे शोधावे. या स्फटिकाचे एक घर ०.८४ नॅनोमीटरचे, म्हणजे असा कण आडवा मोजला तर जेमतेम २४ घरांचा. बाहेरचा एका घराचा थर धरला तरी त्यात जवळजवळ चौथा हिस्सा येतो, आणि तिथे बंध तुटलेले, ऑक्सिजन कमी, मांडणी विस्कटलेली. शिवाय नॅनोकणांत काही जस्त सहाच्या जागी आणि काही लोह चारच्या जागी जाऊन बसते. मोठ्या स्फटिकात, जिथे जस्त चारच्या आणि लोह सहाच्या जागी राहते, झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला चुंबकाकडे फारसे ओढले जात नाही. नॅनोकण मात्र ओढले जातात, ते मुख्यतः या जागाबदलामुळेच. रंगाची कड किंचित सरकते, त्यातही याचा वाटा असतो.

ही कड कामाला येते ती प्रकाशाच्या जोरावर पाणी शुद्ध करताना. त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे अतिनील किरण. सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा फार थोडा. झिंक फेराइटला दृश्य प्रकाश चालतो, म्हणून रंगाचे सांडपाणी उन्हात शुद्ध करण्यासाठी ते तपासले जाते. एकट्याने ते फार वेगाने काम करत नाही. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच आपल्या जागी परततो, म्हणून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत द्यावे लागते. पण काम झाल्यावर भुकटी पाण्यातून गाळत बसावी लागत नाही. चारच्या जागी जाऊन बसलेल्या लोहामुळे भांड्याबाहेरून धरलेला चुंबक तिला एका कडेला ओढून घेतो.