कलाशिक्षणातील मूलभूत अभ्यासक्रम : स्टुडिओ, हस्तकला आणि कलादालन यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा

सारांश :
दृश्यकलेच्या महाविद्यालयीन शिक्षणात पहिल्या वर्षी रेखांकन, रंग व संकल्पन यांना मध्यवर्ती स्थान असते. हस्तकलेचा परिचय बहुधा अलंकरणापुरता राहतो, तर कलादालनाचे व्यवस्थापन हा पदवीनंतरचा विषय समजला जातो. प्रस्तुत लेखात मुंबई, वायमार व बडोदा येथील उदाहरणांच्या आधारे या विभागणीची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : मूलभूत अभ्यासक्रम, हस्तकला, कलादालन, वारली चित्रकला.

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील कलामहाविद्यालयांत पहिले वर्ष ‘मूलभूत अभ्यासक्रम’ म्हणून ओळखले जाते. विद्यार्थ्याचा डोळा व हात तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट रास्तच आहे. तथापि कुंभाराच्या किंवा विणकराच्या घरातून आलेला विद्यार्थी या वर्गात बसतो, तेव्हा माती आणि सूत यांविषयीचे त्याचे ज्ञान मूल्यमापनात जमेस धरले जात नाही. त्याने कोऱ्या पाटीने आरंभ करावा, अशी अपेक्षा असते. ‘मूलभूत’ कशास म्हणावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वेळापत्रकाचा राहत नाही.

कार्यशाळेची परंपरा व तिची मर्यादा :
मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली. १८६५ मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग येथे वास्तुशिल्प शिकवीत. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तेथे मृत्पात्री घडविली जात व त्यांवर अजिंठ्यातील आकृतिबंध योजले जात. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकार्यशाळा सुरू झाल्या. म्हणजे हस्तकला ही या संस्थेत उपरी नव्हती. मात्र या परंपरेचे उदात्तीकरणही योग्य ठरणार नाही. वसाहतकालीन धोरणात कारागिराच्या कौशल्याची कदर होती, पण त्याच्या विचाराची नव्हती. नमुना ठरविणारा एक आणि हात चालविणारा दुसरा, अशी ती रचना होती. पुढे ललित कला व हस्तकला यांत जी उतरंड रूढ झाली, तिचे एक मूळ या रचनेत आहे.

पाया आला, कार्यशाळा राहिली :
द्विमितीय व त्रिमितीय संकल्पनाच्या अध्यापनपद्धतीचा एक महत्त्वाचा स्रोत जर्मनीतील बाउहाउस हा आहे. वायमार येथे १९१९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत योहानेस इटेन यांनी प्राथमिक अभ्यासक्रम आखला. तो पूर्ण करणारा विद्यार्थी विणकाम, धातुकाम, मृत्कला अशा एखाद्या कार्यशाळेत प्रवेश करी. तेथे आरंभीच्या वर्षांत त्याला एक रूपाचा व एक कारागिरीचा असे दोन शिक्षक लाभत. प्राथमिक अभ्यासक्रम हा कार्यशाळेचा उंबरठा होता. आपल्याकडे उंबरठा बांधला गेला. त्यामागची कार्यशाळा मात्र अनेक ठिकाणी बांधावयाची राहिली. परिणामी रंगचक्र व आकारांच्या मांडण्या हे सराव साध्य ठरले, साधन राहिले नाहीत.

बडोद्याचा प्रयोग :
बडोद्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. संग्रहालयशास्त्राचे अध्यापनही त्याच विद्यापीठात १९५२ पासून होऊ लागले. १९६१ पासून तेथे कलामेळे भरू लागले. मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात काम केलेले के. जी. सुब्रमण्यन या प्रयोगाशी निगडित होते. या मेळ्यांसाठी शिक्षक व विद्यार्थी खेळणी आणि इतर हस्तकलावस्तू घडवीत व विकत. वस्तू घडविणे आणि ती लोकांपुढे नेणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, हे त्यातून दिसून आले.

वारली चित्रांचे उदाहरण :
वारली शैलीतील संकल्पचित्र हा अनेक वर्गांतील परिचित स्वाध्याय. त्रिकोणी देहाकृती व फेर धरलेला तारपानृत्याचा आकृतिबंध विद्यार्थी सफाईने उतरवितात. परंतु लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तो भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जातो आणि त्यात पालघाट देवीची प्रतिष्ठा असते, हे ज्ञान त्या स्वाध्यायात क्वचितच येते. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्या रूपाने चित्रकाराचे नाव जगापुढे आले. त्याच वेळी विधी करणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र मागे राहिली. भिंतीवरून कागदावर, कागदावरून चौकटीत, चौकटीतून दालनात हा प्रवास केवळ शैलीचा नसून कर्तृत्व, श्रेय व मोबदला यांचा आहे. चित्राखालच्या पट्टीवर कोणाचे नाव लिहावे, हा प्रश्न ज्याला पडलाच नाही, त्याने वारली चित्रकलेचा केवळ आकार शिकला असे म्हणावे लागेल.

कलादालन : व्यवहार की ज्ञान?
कलादालनाचे व्यवस्थापन म्हणजे विक्रीकला, असा समज आढळतो. वस्तुतः चित्र कोणत्या उंचीवर टांगावे, कागदावरील कामावर प्रकाश सुमारे पन्नास लक्सपर्यंत का मर्यादित ठेवावा, पावसाळ्यातील दमटपणाने बुरशी कशी धरते, स्वीकारताना कलाकृतीच्या स्थितीची नोंद कशी करावी या साऱ्या बाबी माध्यमाच्या ज्ञानाशी निगडित आहेत. जलरंग उन्हात विटतो, हे ज्याला दालनात कळते तो स्टुडिओतही रंग विचारपूर्वक निवडतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, प्रथम वर्षाचे वेळापत्रक आधीच भरगच्च आहे. दुसरा, इतक्या लवकर बाजाराचा विचार विद्यार्थ्याची प्रयोगशीलता खुंटवील. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच नव्या प्रश्नपत्रिकेची भर हा उपाय नव्हे. महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन हाच स्वाध्याय मानून निवड, नोंद, मांडणी व परिचयलेखन यांना गुण देता येतील. दुसऱ्या आक्षेपात बाजार व दालन यांची गल्लत झाली आहे. किंमत ठरविण्यापूर्वी कलाकृतीची जबाबदारी घ्यावी लागते आणि ती शिकण्यास पहिले वर्ष लवकरचे नाही.

निष्कर्ष :
स्टुडिओ, कार्यशाळा व दालन यांपैकी एकच टप्पा शिकविणारा अभ्यासक्रम अपुरा ठरतो. कारागिरास पाहुणा व्याख्याता म्हणून एक दिवस बोलावण्याऐवजी त्याला सहअध्यापकाचे स्थान व मानधन दिले, तर बाउहाउसमधील दुसऱ्या शिक्षकाची जागा येथे भरता येईल. शिवाय वसाहतकालीन रचनेने त्याला नाकारलेला विचाराचा अधिकारही परत मिळेल. तेव्हा कुंभाराच्या मुलालाही वर्गात कोऱ्या पाटीने बसावे लागणार नाही.