कर्णाचं कवच

आजवर मी परीक्षणं केली ती फक्त तिघांची : कडक भाकरी, चादर आणि जावई. पहिल्या दोघींचं तोंडावर केलं, तिसऱ्याचं मनातल्या मनात. सोलापुरात जन्मून सारी हयात इथेच काढलेल्या माणसाला एवढा अनुभव पुरतो. पण यंदाच्या मे महिन्यात चिरंजीवांचे चिरंजीव पुण्याहून सुटीला आले, ते डोक्यावर एक अवजड प्रकरण चढवूनच. मला ते पाहताक्षणी विमान चालवणारे लोक आठवले. आमच्या हिला मात्र वाटलं, पोराचे कान दुखताहेत. तिने लगेच लसूण घालून तेल तापत ठेवलं.

"आजी, हा गेमिंग हेडसेट आहे," नातू म्हणाला. "क्लोज्ड बॅक!"

'बॅक' ऐकल्यावर हिचं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं. तेल तापलेलंच होतं. ते पाठीला चोळून मगच तिने त्याला सोडलं.

पुढे नातवाने मला शास्त्र समजावलं. कानांवरच्या या वाट्यांच्या दोन जाती. एक उघड्या पाठीची. तिला मागे जाळी असते, त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. जुन्या वाड्यासारखा सगळा मोकळा कारभार. दुसरी बंद पाठीची. ती मागून गच्च. आपलं शेजाऱ्याला कळू नये आणि शेजाऱ्याचं आपल्याला, अशी फ्लॅटमधली व्यवस्था. खेळणारी मुलं बहुधा ही दुसरी पसंत करतात, कारण कानातला गोंगाट तोंडापुढच्या माइकमध्ये शिरत नाही.

"आजोबा, आठ दिवस तुम्हीच वापरून बघा. पण खरं खरं सांगायचं हं!" तो म्हणाला. नातवाने मत विचारणं हा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. मी परीक्षकपद स्वीकारलं. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. जावयाचंही कुठे लिहिलं?

प्रथम सुखसोय. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. तीनशे ग्रॅम शेंगाचटणीची पुडी हातात काहीच वाटत नाही. तीच डोक्यावर ठेवून दोन तास बसून पाहा. पहिला अर्धा तास राज्याभिषेक झाल्यासारखं वाटतं. मग मुकुट टोचू लागतो. त्यात मी चष्मेवाला. वाट्या दोन्ही बाजूंनी दाबून बसतात, बसायलाच हव्यात, नाहीतर फटीतून आवाज गळतो. पण मध्ये सापडतात चष्म्याच्या काड्या, आणि त्यांचा राग निघतो कानामागच्या हाडावर.

आणि घाम! वाट्यांची गादी मऊ आहे, पण वर रेक्झिन. बाहेर पारा बेचाळीसवर, वर पंखा गरम हवा वाटतोय. तासाभराने वाट्या काढल्या तेव्हा कान उकडीच्या मोदकासारखे निघाले. आमची ही शेवटी टॉवेलच्या गावची. तिने जुना टॉवेल कापून दोन खोळी शिवल्या. घाम टिपला गेला, कान प्रसन्न झाले, पण कानातला ढोल एकाएकी उतरला. नातू म्हणाला, कापडातून हवा निसटते, आणि कोंडलेली हवा निसटली की खालचे, जाड आवाज पातळ होतात. म्हणजे घाम हवा की ढोल, एवढं ठरवायचं. संसारातले बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात.

एक इशारा मात्र खास सोलापूरकरांना. हे यंत्र कानांवर असताना कडक भाकरी खाऊ नये. कान बंद केले की जबड्याचा आवाज हाडातून थेट आत पोचतो आणि तिथेच घुमतो. मी पहिला घास चावला आणि कुठेतरी वाडा पाडताहेत असं समजून उठून उभा राहिलो.

आता आवाज. नातवाने एक लढाईचा खेळ लावून दिला. मागून कुणाची तरी पावलं वाजली. मी वळून पाहिलं. भिंतच होती. असं तीनदा झालं. कान दोन, वाट्या दोन. मग मागचं मागे कसं ऐकू येतं? गंमत अशी की डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, कानाच्या पाळीला आपटून त्याचा पोतही बदलतो. मेंदू त्यावरून दिशा ताडतो. यंत्र हे बारीकसारीक फरक खोटेच तयार करतं आणि मेंदू बिचारा फसतो. नातू माइकमध्ये ओरडायचा, "मागे आहे! मागे आहे!" आणि दर वेळी फोडणी सोडून आमची ही मागे बघायची. तिला फसायला हेडसेटही लागला नाही.

मग मी माझी परीक्षा घेतली. भीमसेन जोशींचं एक ध्वनिमुद्रण लावलं. बॉम्ब दणदणावेत म्हणून या वाट्यांत खालचे सूर मुद्दाम फुगवलेले. त्यामुळे डग्गा लग्नाच्या वरातीतला वाटला आणि तंबोरा कोपऱ्यात अंग चोरून बसला. गळा स्वच्छ ऐकू आला, यात शंका नाही. पण गवई समोर बसलेला न वाटता माझ्याच टाळूखाली बैठक मारून बसल्यासारखा वाटला. लढाईला उत्तम, मैफलीला बेताचा.

राहिला बंदिस्तपणा. आमच्या घरामागे यंत्रमागांची शेड आहे. वीज गेली तरच ती गप्प बसते. मी वाट्या चढवल्या आणि ती खटखट विझली. खालची घरघर तेवढी राहिली, कारण बारीक आवाज या वाट्या सहज अडवतात, जाड आवाज पुरते अडत नाहीत. तरीही मी कितीतरी वेळ काहीच न लावता नुसता बसून राहिलो. घर एवढं शांत असतं हे मला या वयात कळलं. तेवढ्यात दूध उतू गेलं, ही चार हाका मारून दमली, दारावरचा माणूस परत गेला, हे नंतर कळलं.

तेव्हा गुण असे. सुखसोय : मे महिन्यात दहापैकी पाच, थंडीत सात. आवाज : सहा. बंदिस्तपणा : नऊ. एक गुण का कापला, ते सांगायला आप्पांना आणावं लागेल.

आप्पा माझे थोरले बंधू. १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते मागावर उभे राहिले, ते २००५ साली उतरले. माझी फी त्या खटखटीतूनच भरली गेली. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. आतल्या कानातले नाजूक केस एकदा मेले की परत उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक सूर : चिमणी, कुकरची शिट्टी, बोलण्यातले स, श, त. आप्पा आमच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात.

रविवारी ते आले. नातवाने कौतुकाने वाट्या त्यांच्या कानांवर चढवल्या, गाणं लावलं आणि आवाज वाढवायला गेला.

"काय बे, ढोल येतोय," आप्पा म्हणाले. "गाणं नाही येत."

नातवाचा हात थांबला. आदल्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं की जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना ऐंशी डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास देते आणि मुलांना पंच्याहत्तरवर. तेव्हा त्याने जांभई दिली होती. आता त्याने स्वतःहून आवाज खाली आणला आणि नंतर तिथेच ठेवला.

आप्पांनी वाट्या काढून उलटसुलट पाहिल्या. "केवढ्याला रे?"

"सहा हजार."

"आणि गाणंबिणं नको, नुसते कान झाकायला?"

"तसलं वेगळं मिळतं, आप्पा. कारखान्यात घालायचं. चार-पाचशे रुपयांत."

ते काही वेळ मागच्या शेडकडे बघत राहिले. मग माझ्या ओठांवर नजर ठेवून त्यांनी विचारलं, "आत्ता निघालंय का हे?"

ते मागावर उभे राहिले तेव्हाही जगात ते मिळत होतं. मला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं कबूलही केलं होतं. मी स्पष्ट ओठ हलवून म्हणालो, "हो. आत्ताच निघालंय."

"मग ठीक," आप्पा म्हणाले आणि भाकरी मोडायला बसले.

तो एक गुण उशिरा आल्याबद्दल कापला आहे. वस्तूचा त्यात काही दोष नाही. पण परीक्षकाला कुठेतरी लिहावं लागतं.