एक घटना, तीन शब्द

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. सरकारने त्याला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले. ‘युद्ध’ म्हटले असते, तर हैदराबाद परका देश ठरला असता. १७ सप्टेंबरच्या ‘मुक्तिसंग्राम’ दिनात लढणाऱ्यांचा मान आहे. नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्यांचा शब्द तिसराच : ‘रझाकारीत माझं लगीन झालं.’ त्यात भीती आहे, कालगणनाही.

कारवाईनंतर इथेच असंख्य मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. या मरणांना तिन्ही शब्दांत जागा नाही. मीही वर्षानुवर्षे ‘रझाकारीत काय झालं?’ एवढेच विचारले. ‘त्यानंतर?’ हा प्रश्न मला सुचलाच नाही.