धन्याला आलेलें आमंत्रण

कांहीं पुस्तकांची प्रसिद्धि एका कारणानें होते आणि त्यांची खरी योग्यता दुसऱ्याच ठिकाणीं असते. एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी अशांपैकींच एक होय. दक्षिणेकडील एका धर्मोपदेशकाची मानी मुलगी आणि उत्तरेकडील एक करारी गिरणीमालक यांचें आधीं भांडण, मग गैरसमज आणि अखेर मीलन, एवढ्यासाठींच बहुतेक वाचक ती हातीं घेतात व तेवढ्यानें संतुष्ट होऊन खालीं ठेवतात. त्यांच्या आनंदांत बिब्बा घालण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु या प्रणयकथेच्या आड बाईंनीं दुसरी एक कथा सांगितली आहे, ती आम्हांला अधिक मोलाची वाटते. हुकूम करणारा आणि हुकूम ऐकणारा यांच्यांत विश्वास कसा उत्पन्न होतो, ही ती कथा. ज्यांच्या हाताखालीं चार माणसें काम करतात अशा वाचकांनीं तरी ती लक्षपूर्वक वाचावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही कादंबरी चार्लस् डिकन्स याच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकांत सप्टेंबर १८५४ पासून जानेवारी १८५५ पर्यंत क्रमशः येत होती आणि १८५५ सालींच ती पुस्तकरूपानें निघाली. बाईंच्या मनांत नायिकेचेंच नांव पुस्तकाला द्यावयाचें होतें. आज रूढ असलेलें नांव डिकन्सनें सुचविलें. त्याच साप्ताहिकांत कांहीं आठवड्यांपूर्वीं डिकन्सची स्वतःची ‘हार्ड टाइम्स’ ही गिरणगांवावरचीच कादंबरी संपली होती. या दोन पुस्तकांतील भेद पाहण्यासारखा आहे. डिकन्सचा गिरणीमालक बढाईखोर आहे व त्याचा कामगार पुढारी निव्वळ वाचाळ आहे. दोघांनाहि त्यानें व्यंगचित्राच्या चौकटींत बसविलें आहे. गॅस्केलबाई मॅंचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. त्या शहरांत त्यांनीं संसार केला होता आणि मालकांच्या दिवाणखान्यांइतक्याच मजुरांच्या खोल्याहि आंतून पाहिल्या होत्या. १८५३–५४ मधील प्रेस्टन येथील गिरण्यांच्या दीर्घ संपाची आठवण तर अगदीं ताजी होती. त्यांच्या पुस्तकांतील ‘मिल्टन’ म्हणजे नांव बदललेलें मॅंचेस्टरच होय. तेथें मालकहि माणूस आहे आणि संपवालाहि माणूस आहे. म्हणूनच त्यांचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे.

प्रथम मालकाकडे पाहूं. जॉन थॉर्नटन हा दुष्ट नाहीं, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. सट्ट्यांत बुडून बापानें आत्महत्या केली, तेव्हां हा मुलगा शाळा सोडून एका कापडाच्या दुकानांत कामाला लागला. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळत, त्यांतून आई तीन शिलिंग बाजूला ठेवी. अशा काटकसरीनें त्यानें बापाचें कर्ज फेडलें व पुढें स्वतःची गिरणी उभारली. तो ठरलेली मजुरी चोख देतो, कोणाला फसवीत नाहीं, दिवसभर काम करून रात्रीं होमर वाचतो. असा हा सचोटीचा गृहस्थ! आणि तरीहि त्याच्या गिरणींतील एकाहि मजुराचा त्याच्यावर विश्वास नाहीं. हा विरोध बाईंनीं फार कुशलतेनें मांडला आहे. स्वकष्टानें वर आलेल्या माणसाला एक आंधळेपण सहज येतें: मी चढलों त्या शिडीवर जो चढला नाहीं तो स्वतःच्याच दोषानें खालीं राहिला, असें त्याला मनापासून वाटतें. अमेरिकेच्या सुताशीं स्पर्धा सुरू झाल्यामुळें यंदा मजुरी वाढवितां येत नाहीं, हें थॉर्नटनला ठाऊक आहे. पण तें मजुरांना समजावून सांगणें त्याला आपल्या अधिकाराला कमीपणा आणणारें वाटतें. कामाच्या वेळांत माझें राज्य एकतंत्री, त्यानंतर तुम्ही मोकळे, असा त्याचा सरळ हिशेब आहे. मजूर मात्र समजतात कीं, कारण सांगत नाहीं त्याअर्थीं कारणच नाहीं. सचोटी आणि विश्वास या दोन वस्तु एक नव्हेत, हा या पुस्तकाचा पहिला धडा होय.

समोर निकोलस हिगिन्स उभा आहे. हा संघाचा माणूस. तोंडाचा फटकळ, पोटाचा मायाळू आणि पेल्याचाहि थोडा शोकी. पिंजणखात्यांत उडणारे कापसाचे तंतू फुप्फुसांत जाऊन त्याची तरुण मुलगी बेसी झिजत झिजत मरते. ते तंतू ओढून घेणारें चाक बसवितां येतें, पण त्याला पैसे पडतात आणि त्यांतून नफा निघत नाहीं, म्हणून अनेक मालक तें बसवीत नाहींत. अशा बापाला मालकांच्या गोड शब्दांची किंमत किती वाटणार?

या दोघांना जवळ आणलें तें नायिका मार्गारेट हेलनें, असें टीकाकार बहुधा सांगतात. दक्षिणेच्या कोमल संस्कारांनीं उत्तरेच्या कठोर मालकाला माणुसकी शिकविली, असा त्यांचा अर्थ. आम्हांला हा अर्थ अपुरा वाटतो. मार्गारेट स्वतः प्रथम काय करते तें पाहा. मिल्टनला आल्यावर रस्त्यांत हिगिन्स व बेसी भेटतात. गांवाकडे गरिबांच्या घरीं आपण होऊन विचारपूस करण्यास जाण्याची तिला संवय. म्हणून ती त्यांचें नांव व पत्ता विचारते आणि भेटीला येईन म्हणते. हिगिन्स चमकतो. अनोळखी माणसें घरांत आलेलीं त्याला खपत नाहींत. आपला परोपकार ही दुसऱ्याच्या उंबऱ्यावरची आगळीक ठरूं शकते, हें त्या मुलीला त्या क्षणीं प्रथमच कळतें आणि ती खजील होते. मग तोच विरघळून तिला यावयास सांगतो. म्हणजे गुरु मार्गारेट नव्हे. तिला जो धडा हिगिन्सच्या दारांत मिळाला, तोच धडा पुढें थॉर्नटनला त्याच दारांत मिळावयाचा आहे. कादंबरीची ही जोडबांधणी आमच्या मतें तिच्या रचनेचें मर्म होय.

थॉर्नटनची पाळी येते ती संप मोडल्यानंतर. बाउचर नांवाचा दुबळा मजूर निराशेनें जीव देतो. त्याच्या पोरक्या मुलांना हिगिन्स आपल्या घरीं आणतो आणि त्यांच्या पोटासाठीं, ज्याच्याविरुद्ध आपण लढलों त्याच मालकाच्या फाटकाशीं काम मागावयास जाऊन उभा राहतो. पांच तास उभा राहतो. थॉर्नटन त्याला कांहीं वेडेंवांकडें बोलून हांकलून लावतो. मुलांची गोष्टहि त्याला बनावट वाटते. पण मनाला टोंचणी लागते. तो चौकशी करतो, गोष्ट खरी निघते, आणि तो माणूस आपल्यासाठीं पांच तास थांबला होता हेंहि कळतें. आतां एखाद्या मध्यम लेखकानें काय केलें असतें? मुकादमाकडून निरोप धाडला असता आणि हिगिन्सला कृतज्ञतेनें रडविलें असतें. बाईंनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं मालकाला स्वतः त्या गल्लींत पाठविलें, त्या दारांत उभें केलें, आणि मी अविश्वास दाखविला तो चुकीचा होता, मी बोललों तें बोलावयास नको होतें, असें त्याच्या तोंडून वदविलें. नोकरीची गोष्ट त्यानंतर. हिगिन्सहि गहिंवरून जात नाहीं. तो तोलूनमापून होकार देतो, आणि दोघे हात मिळवितात. क्षमा मागणारा मोठा झाला कीं लहान, याचा निर्णय लेखिका देत नाहीं. तिनें फक्त एवढें दाखविलें कीं, त्या दिवसापासून दोघांना एकमेकांशीं भांडतां येऊं लागलें.

यापुढचा प्रसंग पुस्तकांतील सर्वोत्तम, आणि तो कथानकाच्या कडेला, एका संभाषणांत, जवळजवळ विनोदानें येऊन जातो. थॉर्नटन कांहीं किरकोळ कामासाठीं हिगिन्सच्या घरीं गेला असतां तेथलें जेवण पाहतो: करपलेला मांसाचा तुकडा. पुढें हिंवाळ्यांत धान्य महागतें, तेव्हां घाऊक खरेदी करून एकत्र स्वयंपाक केला तर पैसाहि वांचेल व अन्नहि चांगलें मिळेल, असें त्या हिशेबी माणसाला सुचतें. तो ही योजना हिगिन्सपुढें मांडतो. हिगिन्स तिच्या प्रत्येक कलमांत खोट काढतो. जबरदस्तीनें लादली तर माणसांच्या स्वातंत्र्यांत ढवळाढवळ होईल, म्हणून थॉर्नटन ती सोडून देतो. कांहीं दिवसांनीं हिगिन्सच ऐटींत येऊन जवळजवळ तीच योजना आपली म्हणून मांडतो. सोबत्यांची संमतीहि त्यानें मिळविलेली असते. मालकाला क्षणभर राग येतो. कल्पना माझी आणि मिरविणार हा! पण असा राग पोरकटपणाचा आहे हें ओळखून तो मुकाट्यानें आपल्याला नेमून दिलेलें काम स्वीकारतो. तें काम म्हणजे कोठावळ्याचें: सामान घाऊक आणून द्यावयाचें आणि एक चांगली स्वयंपाकीण पाहून द्यावयाची.

दोन गोष्टी येथें विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. मिस्टर बेल नांवाचे एक श्रीमंत वृद्ध स्नेही या मंडळींना मेजवानी म्हणून दहा पौंडांची नोट देऊं करतात. थॉर्नटन ती घेत नाहीं. माणसें चुलींचें व जागेचें भाडें देतात, याचा धर्मादाय होतां कामा नये, हें त्याचें उत्तर. दुसरी गोष्ट अशी कीं, या जेवणघरांत तो आपण होऊन पाऊल टाकीत नाहीं. एके दिवशीं मजूरच त्याला हांक मारतात. त्या दिवशीं कामाची घाई असते. तरी पुढें केलेला हात झिडकारल्यासारखें होईल म्हणून तो जातो, पानावर बसतो, आणि इतकें चांगलें जेवण आपण कधीं जेवलों नाहीं असें मनापासून सांगतो. मग तो पदार्थ शिजला कीं बोलावणें ठरलेलेंच. पंगत म्हणजे काय हें आपल्या समाजाला निराळें सांगावयास नको. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोण वाढतो, यावर आपल्याकडे मोठमोठे तंटे झाले आहेत. धन्यानें चाकरांना जेवूं घालणें ही आपली जुनी ओळखीची रीत. तींत पुण्य आहे, पण बरोबरी नाहीं. चाकरांनीं आपल्या पैशाच्या अन्नावर धन्याला बोलवावें आणि धन्यानें बोलावण्याची वाट पाहावी, ही निराळी गोष्ट आहे.

या कथेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, मजुरी व नफा यांचा खरा झगडा अशा जेवणावळींनीं झांकला जातो. बाईंना हा आक्षेप ठाऊक होता असें दिसतें. मजूर मालकांना शिव्या देण्याचें काम इतर वारीं उरकून घेत असतील, अशी कोपरखळी त्या मिस्टर बेलकडून मारवितात. आणि अशा प्रयोगांनीं संप बंद होणार नाहींत, फार तर त्यांतील विष कमी होईल, असें खुद्द थॉर्नटनच अखेरीस कबूल करतो. याहून प्रामाणिक दावा कोणत्या मालकानें केला आहे? दुसरा आक्षेप मात्र आम्हांला मान्य करावा लागतो. थॉर्नटन सट्टा न केल्यामुळें बुडतो. त्याला पुन्हां मालक होतां आलें तर आम्ही त्याच्याच हाताखालीं काम करूं, असें मजूर सह्या करून कळवितात. येथें कथा थांबली असती तर ती थोर ठरती. परंतु मिस्टर बेल यांची वारसदार झालेली मार्गारेट बॅंकेंत पडून असलेले अठरा हजार सत्तावन पौंड घेऊन येते, आणि विवाह व व्यापार दोन्ही एकदम सुखरूप होतात. मजुरांच्या सह्यांचा कागद त्या रकमेखालीं दडून जातो. विश्वासाची कसोटी लागावयाची तीच टळली.

आमच्या वाचकांना ही मॅंचेस्टरची कथा परकी वाटूं नये. ज्या १८५४ सालीं ती छापली जाऊं लागली, त्याच सालीं मुंबईंत कावसजी दावर यांनीं आपल्या गिरणीची कंपनी काढली. पुढें गिरणगांव वाढलें, पण मालक आणि मजूर यांच्यामध्यें जॉबर उभा राहिला. कामावर घेणारा तो, काढणारा तो, अडचणींत कर्ज देणाराहि तोच. त्यामुळें मालकाला हिगिन्सच्या दारांत जाण्याचा प्रसंगच आला नाहीं. स्वतः गिरणींत भांडारपालाचें काम केलेले नारायण मेघाजी लोखंडे यांना आठवड्याची एक सुट्टी मिळविण्यासाठीं १८९० पर्यंत झगडावें लागलें. १९४६ च्या कायद्यानें कामगारांच्या वतीनें बोलण्याचा हक्क एकाच संघटनेकडे दिला. आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां तो कायदा जावा ही त्यांची एक मोठी मागणी होती. मजुरीचा प्रश्न होताच. पण आमच्या वतीनें कोणीं बोलावें हें आम्हीं ठरवावें, हाहि प्रश्न होता. हिगिन्सनें जेवणघराची योजना आपली म्हणून पुन्हां मांडली, त्यांत हाच हट्ट होता. एका जेवणघरानें गिरण्या वांचल्या असत्या, असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. तथापि मधल्या माणसाकडून कळणारें सत्य मालकाला किती उशिरा कळतें, हें गिरणगांवानें पाहिलें आहे.

आज कचेऱ्यांतून व कारखान्यांतून वरिष्ठांना माणसें जिंकण्याचे धडे दिले जातात. हाताखालच्यांचीं नांवें पाठ करा, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करा, महिन्यांतून एकदां त्यांच्याबरोबर चहा घ्या. यांत वाईट कांहींच नाहीं. पण या सगळ्या गोष्टी साहेब ठरवितो, साहेब सुरू करतो आणि साहेबाला कंटाळा आला कीं त्या बंद पडतात. हाताखालच्या माणसाला त्यांत नाहीं म्हणण्याची सोय नसते. जेथें नकार देतां येत नाहीं तेथील होकाराला किंमत काय? गॅस्केलबाईंचा गिरणीवाला तीन गोष्टी करतो, आणि तिहींतहि त्याला कांहीं गमवावें लागतें: चूक कबूल करतांना ताठा, योजना सोडून देतांना श्रेय, आणि बोलावण्याची वाट पाहतांना धनीपण. एवढें गमावल्यावर त्याला एक पान मिळालें.

ज्यांनीं हें पुस्तक पूर्वीं प्रणयकथा म्हणून वाचलें असेल, त्यांनीं तें एकदां पुन्हां उघडावें आणि बेचाळिसावें प्रकरण प्रथम वाचावें, अशी आमची शिफारस आहे. ज्यांच्या हाताखालीं माणसें आहेत त्यांनीं तर तें वाचून झाल्यावर स्वतःला एवढेंच विचारावें: आपल्याला तसें बोलावणें कधीं आलें आहे काय?